वाट सांगणाऱ्याची जबाबदारी

आपल्या खेड्यापाड्यांत दोन गोष्टी मागणाऱ्यास सहसा कोणी विन्मुख पाठवीत नाही. तहानलेल्याला पाणी आणि वाटसरूला वाट. परंतु पाणी देताना घरची माउली तांब्या विसळते, त्यातले शिळे पाणी ओतून टाकते आणि ताजे भरून देते. वाट सांगताना आपण एवढी काळजी घेतो काय? मनात वर्षानुवर्षे साठून राहिलेली माहिती ताजी आहे की शिळी, हे न पाहताच आपण ती दुसऱ्याच्या ओंजळीत ओततो आणि वर परोपकार केल्याचे समाधानही मानतो. आमच्या हातून असे एकदा घडले. ती हकिगत सांगावी, असे बरेच दिवस मनात होते. सांगताना संकोच वाटतो. पण आपल्या चुकीमुळे दुसऱ्याचे पाऊल सावरत असेल तर संकोच बाजूस ठेवलेला बरा.

आम्ही पांढुर्ण्याचे. 1956 साली राज्यांची फेररचना झाली आणि नागपूर तिकडे गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. पण घरातली भाषा मराठीच राहिली. आमच्या या मुलखाची मांडणी परक्या माणसास थोडी फसवी वाटते. पांढुर्णा आणि सौंसर ही दोन नावे लोक एका दमात घेतात, म्हणून ऐकणाऱ्यास वाटते की एक गाव आले की पुढचे त्याच वाटेवर येणार. वस्तुतः तसे नाही. नागपूरहून उत्तरेस निघालेला रस्ता सावनेरपाशी दुभंगतो. एक फाटा, 47 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, पांढुर्ण्यावरून मुलताई व बैतूलकडे जातो. दुसरा, 547 क्रमांकाचा, सौंसरवरून छिंदवाड्याकडे जातो. आगगाडीचेही तसेच आहे. पांढुर्णा हे नागपूर–इटारसी या मोठ्या मार्गावरचे स्थानक, तर सौंसर हे नागपूर–छिंदवाडा मार्गावरचे. गावे शेजारची, परंतु दोघींच्या वाटा निराळ्या. लग्नाच्या वऱ्हाडातला एखादा पाहुणा चुकीच्या फाट्याने निघून भलत्याच गावी उतरला, असे आमच्याकडे दर लग्नसराईत ऐकू येते.

सौंसरवरून जाणारा तो छिंदवाड्याचा लोहमार्ग पूर्वी अडीच फुटी रुळांचा होता. त्यावरून जी गाडी धावे तिला आम्ही सारे 'छोटी गाडी' म्हणत असू. सुमारे शंभर वर्षे तिने या मुलखाची सेवा केली. सावनेर, केळोद, लोधीखेडा, सौंसर, रामाकोना असे थांबे घेत ती सातपुड्याच्या घाटास लागे. घाटात तिचा वेग असा मंदावे, की खिडकीशी बसलेल्या मुलास झाडावरचे पान खुडता येईल असे वाटे. तरुणपणी आम्ही तिने कितीतरी वेळा प्रवास केला. तिचे भाडे थोडे, तिची माणसे साधी. कोंबड्या, भाजीच्या पाट्या, माहेरवाशिणी, सारे एकाच डब्यात. त्या गाडीची वेळ, तिचे थांबे, कोणत्या स्थानकावर पाणी चांगले मिळते, हे सारे आम्हांस तोंडपाठ होते. तोंडपाठ असणे आणि ठाऊक असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे मात्र तोवर उमजले नव्हते.

2016 सालच्या जानेवारीतली गोष्ट. दुपार कलू लागली होती. पांढुर्ण्याच्या बस स्थानकावर आम्ही एका स्नेह्याची वाट पाहत उभे होतो. इतक्यात एक वृद्ध बाई, बरोबर आठ-नऊ वर्षांचा नातू, अशी दोघे आमच्यापाशी आली. आम्ही अनेक वर्षे शाळेत शिकविल्यामुळे गावातले अर्धे लोक आम्हांस गुरुजी म्हणतात. कोणीतरी तिला आमच्याकडेच बोट दाखविले असावे. तिचा धाकटा भाऊ फार आजारी होता. त्याचे गाव रामाकोन्याच्या पुढे, घाटाच्या अलीकडे, छोट्या गाडीच्या एका लहानशा स्थानकाजवळ होते. "कसं जावं जी, गुरुजी?" एवढेच तिने विचारले.

आम्ही क्षणभरही थांबलो नाही. सौंसरची बस दाखविली. तेथे उतरून स्टेशनवर जावे, संध्याकाळची छोटी गाडी मिळेल, ती थेट भावाच्या गावाशी नेऊन सोडील, असे सांगितले. नातवाला बसमध्ये चढविले, बाईचे गाठोडे आत सरकविले आणि वाहकास "यांना सौंसरला उतरवा" असे बजाविलेही. बाईने हात जोडले. आम्ही फार प्रसन्न मनाने घरी परतलो.

छोटी गाडी 2015 च्या अखेरीसच बंद झाली होती. रूळ रुंद करण्याचे काम हाती घेतले होते. वर्तमानपत्रांत ती बातमी येऊन गेली होती; आम्ही ती वाचलीही होती, आणि हळहळलोही होतो. तरी त्या दुपारी तोंडातून जे निघाले ते वीस वर्षांपूर्वीचे वेळापत्रक होते.

आठ-दहा दिवसांनी ती बाई बाजारात दिसली. कपाळावरून ओढलेला पदर आणि खाली गेलेली नजर पाहूनच आमच्या मनात चर्र झाले. तिने सारे सांगितले, आणि तेही अगदी शांतपणे. सौंसरच्या स्टेशनवर ती अंधार पडेपर्यंत बसून राहिली. अखेर एका हमालाने तिला सांगितले की आता गाडी येत नाही. तोवर पुढे जाणारी शेवटची बसही निघून गेली होती. एका चहावाल्याने आपल्या घरी त्यांना रात्रीचा आसरा दिला. सकाळी पहिल्या बसने ती निघाली, वाटेत उतरून दोन कोस चालली. ती पोहोचली तेव्हा भावाचे सारे आटोपले होते. पहाटे त्याचा श्वास थांबला, आणि शेवटपर्यंत तो "ताई आली का?" असे विचारीत होता, असे भावजयीने तिला सांगितले.

आम्हांस सर्वांत अधिक बोचले ते पुढेच. ज्या बसमधून आम्ही तिला सौंसरास उतरविण्याची व्यवस्था केली, ती बस तेथे थांबून पुढे छिंदवाड्यासच जात होती. ती बाई जागेवरून हलली नसती, तर त्याच संध्याकाळी भावाच्या उशाशी बसली असती. आम्ही वाट सांगितली नसती, वाहकानेच सांगितली असती, तरी ती वेळेवर पोहोचली असती. आमच्या उपकाराने तिची ती एक रात्र हिरावून घेतली.

आम्ही काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "तुमचा काय दोष जी, गुरुजी? गाडी बंद झाली, हे तुमालेबी कोनं सांगतलं नसंन." आम्हांस कोणी सांगितले नव्हते, असे तिला वाटले. ठाऊक असूनही आम्ही विचार न करता बोललो, हे तिला सांगण्याचे धैर्य त्या दिवशी आम्हांस झाले नाही. पुढे तिच्या घरी जाऊन आम्ही ते सांगितले. तिने ऐकून घेतले आणि चहा ठेवला. त्याहून अधिक क्षमा कोणती असते, आम्हांस ठाऊक नाही.

वाचकहो, त्या दिवसापासून आम्ही स्वतःस अनेकदा विचारले आहे: आपण असे का बोललो? दुष्टपणा तर नव्हता. उलट, मदत करण्याची उत्सुकताच होती. परंतु त्या उत्सुकतेच्या पोटी एक बारीक अहंकार दडलेला होता. आम्ही गुरुजी, आम्हांस विचारले आहे, आम्हांस ठाऊक नाही असे कसे म्हणावे? शाळेत मुलाने "येत नाही" म्हटले तर आम्ही त्यास म्हणत असू, "बाळ, खरे बोललास, बस खाली." तेच दोन शब्द स्वतःच्या तोंडून निघत नव्हते.

तोबीतच्या पुस्तकातली कथा आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. आंधळ्या तोबीतला आपल्या मुलास, तोबियास, मेदियाला पाठवावयाचे असते, आणि वाट तर ठाऊक नाही. तोबिया सोबती शोधावयास निघतो. त्यास राफाएल देवदूत भेटतो, पण तो देवदूत आहे हे त्यास कळत नाही. आम्ही ही कथा लहानपणापासून ऐकली, परंतु तिच्यातली एक गोष्ट मात्र त्या बाईच्या प्रसंगानंतरच आमच्या ध्यानी आली. तोबिया प्रथम विचारतो की, तुला ती वाट माहीत आहे काय? त्यावर राफाएल नुसते 'हो' म्हणत नाही. मी स्वतः अनेकदा तिकडे गेलो आहे, तेथे अमक्याच्या घरी उतरलो आहे, असे तो सांगतो. आणि एवढ्यावरही म्हातारा तोबीत त्याचे कूळ, गाव विचारल्याखेरीज मुलास त्याच्या हाती देत नाही. सांगणाऱ्याने आपण केव्हा आणि कसे गेलो होतो ते सांगावे, आणि विचारणाऱ्याने ते विचारण्यास लाजू नये, हे दोन्ही धडे त्या एका प्रसंगात आहेत.

तेव्हापासून कोणी वाट पुसली की आम्ही आधी आपणच दोन प्रश्न विचारतो. केव्हा जावयाचे आहे? आणि बरोबर कोण आहे? कारण वाट एकच असली तरी ती प्रत्येकास सारखी नसते. आमच्याकडे ओढ्या-नाल्यांवर बुटके पूल असतात, त्यांस लोक रपटा म्हणतात. उन्हाळ्यात त्यावरून बैलगाडी सुखाने जाते. आषाढ-श्रावणात वरच्या डोंगरात पाऊस पडला की त्याच रपट्यावरून कमरेइतके पाणी वाहते. आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाईलवर नकाशा असतो, आणि तो बहुधा खरा असतो. परंतु काल रात्री नाल्याला पूर आला हे त्यास ठाऊक असेलच असे नाही. ते नाल्याकाठी शेळ्या चारणाऱ्या पोरास ठाऊक असते. नकाशा पाहावा, आणि त्या पोरासही विचारावे.

केव्हा जावयाचे, या प्रश्नाचे महत्त्व पांढुर्ण्यात तर अधिकच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येथे जाम नदीच्या पात्रात गोटमार भरते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण असते, आणि ते मिळविण्यासाठी एका काठावरून पांढुर्ण्याचे व दुसऱ्या काठावरून सावरगावचे लोक एकमेकांवर दगड फेकतात. शेकडो माणसे जखमी होतात. काहींचे प्राणही गेले आहेत. दूरचे लोक उत्सुकतेने विचारतात, "मुलांना घेऊन पाहावयास येऊ काय?" गावचा अभिमान कोणास नसतो? चार लोकांनी आपल्या गावी यावे, असे वाटतेच. तरी अशा वेळी आम्ही स्पष्ट सांगतो की मुलांना घेऊन त्या दिवशी येऊ नका; आणि नुसते गावावरून पुढे जावयाचे असेल तरी एक दिवस आधी जा किंवा नंतर जा. पाहुण्यास 'या' म्हणणे सोपे असते. वेळप्रसंगी 'येऊ नका' म्हणणे, हेही आतिथ्यच आहे.

दुसरे उदाहरण सौम्य आहे. आमचा मुलूख संत्र्यांचा. मे महिन्याच्या उन्हात कोणी दुरून येतो आणि झाडांवर पिकलेली संत्री शोधतो. त्यास कोणी खोटे सांगितलेले नसते. पांढुर्ण्यास संत्री फार, एवढेच त्याने ऐकलेले असते. आंबिया बहाराची फळे दिवाळीच्या आगेमागे उतरू लागतात आणि मृग बहाराची शिशिर संपता संपता, हे त्यास कोणी सांगितलेले नसते. अर्धी माहिती ही पुष्कळदा खोट्या माहितीइतकीच माणसास चालावयास लावते.

आता विचारणाऱ्याविषयी थोडे. दोष नेहमी सांगणाऱ्याचाच असतो असे नाही. "छिंदवाड्यास कसे जावे?" असे आपण विचारतो आणि आपले खरे काम पोटात ठेवतो. 2023 सालच्या ऑक्टोबरपर्यंत पांढुर्णा व सौंसर हे छिंदवाडा जिल्ह्यातले तालुके होते. तेव्हा दोन्ही मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. त्यानंतरही आमच्या ओळखीचे एक शेतकरी जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात अर्ज देण्यासाठी छिंदवाड्याची वाट विचारीत होते. लोक त्यांना वाट बरोबर सांगत होते. बस कोठून सुटते, किती वाजता पोहोचते, सारे अचूक. एका मुलाने मात्र विचारले, "काका, काम काय आहे?" काम ऐकल्यावर तो म्हणाला, "मग तिकडे कशाला जाता? ते कार्यालय आता आपल्याच गावात आहे." पन्नास जणांनी वाट सांगितली असती, त्या एकाने काम विचारले. म्हणून विचारताना आपले काम, आपली वेळ, आपल्याबरोबरची म्हातारी माणसे व लेकरे आणि खिशातले पैसे, हे सारे मोकळेपणाने सांगावे. वैद्यास दुखणे न सांगता औषध मागू नये, तसेच हे.

तसेच एकाच माणसास विचारून निघू नये. दोघांस विचारावे. दोघांचे एकमत झाले तर निर्धास्त निघावे. मतभेद झाला तर त्यांच्यापैकी कोण अलीकडे तेथे जाऊन आला आहे, ते पाहावे. वयाने कोण मोठा, शिक्षणाने कोण मोठा, हे त्या वेळी पाहू नये. आमच्या प्रसंगी त्या बाईने गुरुजींऐवजी वाहकास विचारले असते तर किती बरे झाले असते!

सल्ला कसा द्यावा, याचा उत्तम नमुना आम्हांस एका विधवा भगिनीने घालून दिला. 2024 च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन खुले होणार होते. हा योग दहा वर्षांनी येतो. आम्ही उभयतांनी जावयाचे ठरविले. या बाई मागच्या वेळी, 2014 साली, जाऊन आल्या होत्या. आम्ही विचारताच त्या म्हणाल्या, "माझे सांगणे दहा वर्षांचे जुने आहे, हे आधी ध्यानात धरा. रांग कोठून लागते, किती वेळ लागतो, उतरावयास जागा कोठे मिळते, हे मला विचारू नका. ते सारे आता बदलले असेल. ते या वर्षी जाऊन आलेल्यास विचारा. न बदलणाऱ्या गोष्टी तेवढ्या सांगते. गोव्याची गाडी म्हटली की सारे मडगावपर्यंतचे तिकीट काढतात. पण जुने गोवे करमळी स्थानकाहून जवळ आहे; तुमची गाडी तेथे थांबत असेल तर तेथेच उतरा. दर्शनाच्या काळात अवशेष बॉम जीझस बॅसिलिकेतून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेतात, तेव्हा तिकडे जा. आणि गुरुजी, तुमच्या गुडघ्यांसाठी घडीचे स्टूल बरोबर न्या."

एवढ्याशा बोलण्यात काय नव्हते? आपली माहिती किती जुनी, ते त्यांनी प्रथम सांगितले. शिळे निराळे केले, टिकाऊ निराळे केले. जे ठाऊक नाही त्यासाठी दुसऱ्याकडे पाठविले. आणि अखेरीस, आम्ही न विचारताही, आमच्या गुडघ्यांची आठवण ठेवली. करमळीस उतरून रांगेत उभे असताना, त्या घडीच्या स्टुलावर टेकून, आम्ही त्यांचे मनोमन आभार मानले. परत आल्यावर त्यांच्याकडे गेलो आणि या वेळी काय काय बदलले होते, ते सारे त्यांना सांगितले. सल्ला घेऊन गेलेल्याने परत येऊन खरे-खोटे सांगावे, हा त्या सल्ल्याचा मोबदला होय. तो आपण बहुधा बुडवितो. वाट दाखविणाऱ्यास आपली वाट बरोबर होती की चूक, हे कधी कळतच नाही. मग तो पुढच्यासही तेच सांगत राहतो. त्या वृद्ध बाईने बाजारात आम्हांस गाठून खरे सांगितले नसते, तर आम्ही आणखी कितीजणांस त्या बंद गाडीसाठी सौंसरला पाठविले असते, कोण जाणे.

छिंदवाड्याच्या मार्गावर आता साडेपाच फुटी रूळ पडले आहेत आणि मोठी गाडी धावते. ती सुरू झाल्याचे ऐकल्यावर गावात कोणी तिच्याविषयी विचारले तर आम्ही सांगत असू, "आम्ही अजून तिने गेलो नाही, स्टेशनवर विचारा." मग एके दिवशी मुद्दाम सौंसरला जाऊन त्या गाडीत बसलो. रामाकोना गेले. पुढे ते लहानसे स्थानक येणार, म्हणून आम्ही खिडकीशी सरकून बसलो होतो. त्या बाईच्या भावाचे घर कोठे असेल, हे आम्हांस ठाऊक नव्हते. तरी कौलांकडे पाहत राहिलो, आणि दोघांसाठी प्रार्थना केली.

मागील महिन्यात पांढुर्ण्याच्या बस स्थानकावर एका तरुणाने आम्हांस विचारले, "काका, मुलताईची शेवटची बस किती वाजता?" त्याच्यासोबत पोटुशी बायको होती. आमच्या मनात एक वेळ चटकन आली. ती आम्ही ओठांवर येऊ दिली नाही. "मला नक्की ठाऊक नाही," आम्ही म्हटले, "चला, चौकशीच्या खिडकीवर विचारू." तिची पिशवी उचलली आणि तिघे मिळून खिडकीकडे गेलो. आमच्या मनातली वेळ अर्ध्या तासाने चुकीची होती.